नवरा बौद्ध, नवरी ख्रिस्ती, आणि जागरण खंडोबाचे!

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या पुतण्याचे लग्न ठरले. मुलगा बौद्ध, मुलगी ख्रिस्ती. मुलगी श्रीरामपूर तालुक्यातली, नर्सिंगचे शिक्षण घेतलेली. दोघांनी एकमेकांना पसंत केले होते आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी फारसे आढेवेढे न घेता होकारही दिला होता. धर्मावरून वाद होणार अशी मला धास्ती होती. वाद झाला, पण तो भलत्याच देवावरून!

माझी आई म्हणाली, "लग्नाआधी खंडोबाचं जागरण घातलं पाहिजे."

मी म्हणालो, "आई, आपण बौद्ध. मुलीकडचे ख्रिस्ती. ते काय म्हणतील?"

चार दिवसांनी मुलीच्या आजीचा निरोप आला. "आमच्यात बी जागरणाबिगर हळद लागत नाय. दोन्ही घरांचं मिळून एकच घाला, खर्च वाचंल."

हसावे की रडावे, मला कळेना. एका घराने धम्मदीक्षा घेतलेली, दुसऱ्या घराने चार पिढ्यांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला. एका घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, दुसऱ्या घरात येशूची तसबीर आणि क्रूस. आणि दोन्ही घरे एकत्र येणार होती ती वाघ्या-मुरळीच्या पुढ्यात! समाजात थोडेफार काम करतो म्हणून निवाडा माझ्याकडे आला. त्या निमित्ताने जे वाचले आणि जे मनात आले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहे. कारण हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरचा नाही.

एकाच झाडाच्या दोन फांद्या

आपल्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री १८३१ साली आले. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झाले. मिस फॅरार यांची मुलींची शाळा नगरमधलीच. ती पाहून महात्मा फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे आपण जाणतोच. पुढे कॅथलिक मिशनही राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर भागांत पसरले. या दोन्ही मिशनांकडे जे लोक गेले, त्यांत फार मोठा भरणा आपल्या महार आणि मांग बांधवांचा होता. दुष्काळात धान्य मिळाले, शाळेत पाटी मिळाली, आणि जवळ उभा राहिला तरी न विटाळणारा साहेब पाहायला मिळाला. म्हणून आजही नगर जिल्ह्यात ख्रिस्ती आणि बौद्ध घरांची आडनावे सारखी निघतात, जुने कुलदैवतही एकच निघते. आम्ही सोयरे होण्याआधीपासून भाऊबंदच होतो.

मग प्रश्न असा की, ख्रिस्ताला शरण गेलेल्या माणसाला खंडोबा, म्हसोबा, मरीआई सोबत ठेवता येतात काय? हे दोन विश्वास एकत्र नांदू शकतात काय?

'पेगन' म्हणजे गावकरी

ख्रिस्ती लोक बाहेरच्या देवदेवता पूजणाऱ्यांना 'पेगन' म्हणत आले. या शब्दाचे मूळ मोठे बोलके आहे. लॅटिन भाषेत 'पागानुस' म्हणजे खेडवळ, गावाकडचा माणूस. रोमच्या साम्राज्यात नवा धर्म मुख्यतः शहरांत पसरला. खेड्यांतली माणसे झाडाचा, झऱ्याचा, पिकाचा देव धरून राहिली. थोडक्यात, पेगन म्हणजे ग्रामदैवतांना मानणारा. मग आपली मरीआई, म्हसोबा, सटवाई हे सगळे पेगनच झाले की!

तिकडेही दोन्ही गोष्टी एकत्र नांदवण्याचा प्रश्न फार जुना आहे. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये दिलेली नाही. २५ डिसेंबर हा दिवस पुढे ठरला. इ. स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मिशनऱ्याला पत्र लिहून कळवले की, तिथली देवळे पाडू नका. आतल्या मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि त्याच जागी आपली उपासना सुरू करा. लोकांना बैल मारून मेजवानी करायची सवय आहे, तर ती मेजवानी चर्चच्या सणाला करू द्या. म्हणजे जागा तीच, जेवण तेच, देव तेवढा बदलला.

अलीकडे युरोप-अमेरिकेत वारे उलटे वाहू लागले आहे. जेराल्ड गार्डनर नावाचा कस्टम खात्यातला एक निवृत्त इंग्रज अधिकारी. त्याने १९५४ साली पुस्तक लिहून 'विक्का' नावाच्या पंथाची ओळख जगाला करून दिली. निसर्गाची पूजा, देव आणि देवी अशी जोडी, ऋतूंप्रमाणे सण, चंद्राच्या तिथी आणि जादूचे विधी असे त्याचे स्वरूप आहे. चेटूकविरोधी जुना कायदा इंग्लंडमध्ये १९५१ साली रद्द झाला होता, म्हणून हे उघडपणे लिहिता आले. तिकडे काही माणसे आज स्वतःला एकाच वेळी ख्रिस्ती आणि पेगन म्हणवून घेतात. त्यांचे म्हणणे असे की, येशूची करुणा आम्हाला हवी आणि धरणीमातेची पूजाही हवी.

यात एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात हजारो माणसांना चेटूक केल्याच्या आरोपावरून ठार मारले. त्यांत बहुतेक बायका होत्या. आपल्याकडेही भुताळी, चेटकीण म्हणून बायकांना छळण्याचे प्रकार झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी हयात वेचली. त्यांचा खून झाला आणि त्यानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तेव्हा कोणाच्या श्रद्धेची टिंगल करणे हे माझे काम नाही. टिंगलीतून छळ जन्मतो.

बायबल काय म्हणते?

ख्रिस्ती धर्माचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. दहा आज्ञांतली पहिलीच आज्ञा, दुसरे देव करू नका, अशी आहे. जुन्या करारात मंत्रतंत्र, शकुन आणि मेलेल्यांना बोलावणे यांना बंदी आहे. नव्या करारात करिंथ गावच्या मंडळीला लिहिताना पौलापुढे थेट आपल्या कंदुरीचाच प्रश्न आला होता: मूर्तीला दाखवलेले मांस खावे काय? पौलाचे म्हणणे थोडक्यात असे: मूर्ती म्हणजे काही नाही, म्हणून मांसाने कोणी बाटत नाही, पण तुला खाताना पाहून कच्च्या मनाचा भाऊ घसरणार असेल तर खाऊ नकोस. आणि प्रभूच्या मेजावर आणि भुतांच्या मेजावर असे दोन्हीकडे बसता येणार नाही.

मला हे उत्तर विचार करण्याजोगे वाटते. मांसाचा विटाळ नाही, पण मनाची ओढाताण आहे.

काय नेता येते आणि काय नाही

मग ख्रिस्ती होणाऱ्याने आपले सगळेच टाकायचे काय? याचे सुंदर उत्तर नगरनेच दिले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरला राहिले आणि अभंगांतून, भजनांतून येशू गाऊ लागले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ख्रिस्ती कीर्तनाची परंपराही नगरच्याच मिशनमध्ये त्यांच्या आधीपासून रुजली होती. १९१७ साली टिळकांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूभक्त त्यात एकत्र बसावेत अशी त्यांची कल्पना होती. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपले सोवळे-ओवळे आणि जातीचा अभिमान कसा गळून गेला, ते लिहून ठेवले आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्यांना स्वतःला बाप्तिस्मा घ्यायला पाच वर्षे लागली. मनाची सालपटे अशी एकेक करून निघतात.

टिळकांनी टाळ-मृदंग नेला, अभंग नेला, भाषा नेली. लक्ष्मीबाईंनी सोवळे टाकले. सगळा धडा मला यातच दिसतो. गाणे नेता येते, लुगडे नेता येते, पुरणपोळी नेता येते. जात आणि भीती नेता येत नाही. ती नेली तर नवा धर्म हा वरचा रंग ठरतो, आतली भिंत जुनीच राहते.

बाबासाहेबांनी हेच पाहिले होते. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी सविस्तर लिहिले आहे. चर्चमध्ये गेला तरी जात सुटली नाही आणि जुने आचारही सुटले नाहीत, ही त्यांची तक्रार होती. दक्षिणेत सतराव्या शतकात रॉबर्ट डी नोबिली या पाद्र्याने उच्चवर्णीयांना ओढण्यासाठी स्वतः संन्याशाचा वेष केला, त्यांच्या रीतिभाती चालू दिल्या. जात हा केवळ सामाजिक रिवाज आहे, धर्माशी त्याचा संबंध नाही, असा युक्तिवाद झाला. या सलोख्याची किंमत कोणी मोजली? अस्पृश्य ख्रिस्त्याने. चर्चमध्ये बसायची जागाही वेगळी झाली. आपल्या भागातही महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती ही भाषा काल-परवापर्यंत सोयरिकीत ऐकू येत होती.

मिसळणे आणि गिळणे

"सगळे देव एकच" हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि काही ठिकाणी त्यात खरा जिव्हाळाही आहे. गोव्यात म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई या सात बहिणींपैकी मानल्या जातात. ईस्टरनंतर पंधरवड्याने होणाऱ्या सायबिणीच्या फेस्ताला हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही जातात. आपल्याकडे हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात सर्व जातिधर्मांची माणसे येतात. मढीला कानिफनाथ म्हणून एक माथा टेकतो आणि शाह रमजान म्हणून दुसरा. माणसे अशी एकत्र येतात याचे मला कौतुकच आहे.

पण आपण बौद्धांनी आणखी एक इतिहास लक्षात ठेवायचा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारात एकवीरेचे देऊळ उभे आहे. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या बौद्ध लेण्यात अष्टविनायकांपैकी एक गणपती बसला आहे. आणि प्रत्यक्ष तथागताला विष्णूचा नववा अवतार करून टाकले! बुद्धाला कोणी नाकारले नाही. आपल्या रांगेत उभे करून संपवले. दुबळा आणि बलवान जेव्हा एकत्र होतात, तेव्हा त्याला मिसळणे म्हणत नाहीत, गिळणे म्हणतात. म्हणूनच १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी केवळ त्रिशरण-पंचशील देऊन थांबणे पुरेसे मानले नाही, तर बावीस प्रतिज्ञा दिल्या. जुने देव मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही, बुद्ध हा विष्णूचा अवतार ही खोटी गोष्ट आहे, हे त्यांनी आपल्या तोंडून वदवून घेतले. मागचे दार उघडे राहिले तर काय होते, हे त्यांनी ओळखले होते.

कागदावरचा धर्म

दोन धर्म का धरले जातात, याचे एक कारण देवाशी नव्हे, कागदाशी बांधलेले आहे. कारकुनी करताना ते मला रोज दिसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ साली शीख आले, आणि बौद्धांना १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांना तो मिळाला नाही. मग माणूस रविवारी चर्चमध्ये आणि दाखल्यावर हिंदू महार. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सांगितले की, बाप्तिस्मा घेऊन, श्रद्धेने चर्चला जाऊन, केवळ सवलतीसाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही घटनेची फसवणूक होय. कायदा कायद्याच्या जागी. पण ज्या गावात चर्चला जाणाऱ्यालाही जातीवरूनच हाक मारतात, तिथे हा माणूस दोन्ही डगरींवर हात का ठेवतो, हे समजून घ्यायला नको काय? २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच हरेगावात चोरीच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारले. टांगणाऱ्यांनी "तुझा देव कोणता?" असे विचारले असेल, असे मला वाटत नाही.

दोन म्हाताऱ्या

आता लग्नघरी परत येतो. मी आईला घेऊन मुलीच्या गावी गेलो. दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसल्या. मी व्याख्यान देण्याच्या तयारीनेच गेलो होतो. बावीस प्रतिज्ञा पाठ, पौलाचे पत्रही वाचलेले.

मुलीची आजी म्हणाली, "येशू मोठाच हाय रे बाबा. पण खंडोबा घरचा हाय. घरच्याला कसं इसरायचं?"

मी विचारले, "आजी, खंडोबा आवडतो म्हणून जागरण घालायचं, का भ्या वाटतं म्हणून?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "माझ्या थोरल्याच्या लग्नात जागरण राह्यलं. वरसाच्या आत त्याचं पहिलं लेकरू गेलं."

माझ्या आईने तिचा हात धरला. आईचेही एक मूल गेलेले आहे, माझ्या आधीचे. त्या क्षणी माझ्याजवळची सारी पुस्तके निरुपयोगी झाली. आम्ही शिकलेले लोक ज्याला अंधश्रद्धा म्हणतो, ती बऱ्याचदा अशी एखाद्या लेकराच्या आठवणीची गाठ असते. ती हिसडा मारून सुटत नाही.

मी एवढेच विचारले, "लेकराला काय झालं होतं?" जुलाब झाले होते. पाणी ओढ्याचे होते. दवाखाना लांब, पावसाळ्यात रस्ता बंद. मी म्हणालो, "आजी, पूर्वी पटकी आली की मरीआईचा गाडा गावाबाहेर लोटायचे. पटकीचा जंतू पाण्यात असतो, हे पुढं कळलं. नळाचं चांगलं पाणी आलं, तशी मरीआई शांत झाली. लेकरू खंडोबानं नेलं नाही. ओढ्याच्या पाण्यानं आणि दवाखाना नव्हता त्यानं नेलं. तुमची काहीच चूक नव्हती."

आजी रडली. इतकी वर्षे ती स्वतःलाच दोषी धरत होती, हे तेव्हा सगळ्यांना कळले. ती दर रविवारी चर्चला जात होती, पण हा बोजा तिथे कोणी उतरवला नव्हता. आमच्या विहारात तरी माझ्या आईचा बोजा कोणी उतरवला होता?

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. या घरच्या देवाला आपल्याच पोरी मुरळ्या म्हणून सोडल्या जात. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'सोमवंशीय मित्र'मधून त्याविरुद्ध रान उठवले, मुरळ्यांची लग्ने लावून दिली. माझी आई झटकन म्हणाली, "माझ्या सासूची आत्या मुरळी होती. तिचं नाव घरात कुणी घेत नव्हतं." हे मला स्वतःला ठाऊक नव्हते! चाळिशी उलटून गेली आणि घरचा हा इतिहास मी पहिल्यांदा ऐकला.

जागरण झाले नाही. वाघ्या-मुरळीला, बोकडाला आणि मांडवाला लागणारा पैसा दोन्ही घरांनी नव्या जोडप्याच्या नावावर बँकेत ठेवला. लग्न विशेष विवाह कायद्याने नोंदणी कार्यालयात झाले. तीस दिवसांची नोटीस आधी दिलीच होती. संध्याकाळी जेवणावळ. मुलीकडच्यांनी आपली गाणी म्हटली, आमच्या पोरांनी भीमगीते म्हटली. ढोलकी एकच होती.

एका घरात दोन, एका मनात एक

मला उमगले ते असे. एका घरात दोन धर्म नांदू शकतात, पण त्यासाठी दोघांनी खरे बोलले पाहिजे. आमची सून रविवारी चर्चला जाते, बायबल वाचते. पुतण्या तिला गाडीवर सोडायला जातो, कधी आत आदराने बसतो. पण जग कोणा कर्त्याने निर्माण केले, असे तोंडाने म्हणत नाही, कारण धम्मात त्याला जागा नाही. तीही वंदनेला येऊन बसते. तिने त्रिशरण म्हटलेच पाहिजे अशी सक्ती आम्ही केली नाही. मुले मोठी होतील, वाचतील, ठरवतील. ही भेसळ नव्हे, शेजार आहे.

पण एकाच मनात येशूची करुणा आणि मरीआईचा कोप, किंवा तथागताची प्रज्ञा आणि खंडोबाची भीती, असे दोन्ही ठेवले तर मोठा आवाज भीतीचाच होतो. प्रार्थना किंवा वंदना रोजची सवय म्हणून राहते आणि संकट आले की पाय जुन्या ठाण्याकडे वळतात. ख्रिस्ती भावाने याचा विचार आपल्या परीने करावा. आपण आपल्या घरात करू या. १४ ऑक्टोबरला पांढरी साडी, आणि पोराला ताप आला की उतारा! बावीस प्रतिज्ञांच्या छापील कागदाखाली बंद पेटी!

पेटीवरून आठवले. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव प्रवरेत सोडले. आजीने मात्र खंडोबाचा चांदीचा एक टाक पदराआड ठेवला होता. तो पुढे आईकडे आला आणि पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली राहिला. लग्नानंतर आईने तो काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "आता टाकायचा का?"

मी म्हणालो, "तुझी इच्छा."

तिने तो पुसला. भंडारा लावला नाही. "सासूची खूण आहे, राहू दे," म्हणाली आणि माझ्या आजीच्या फोटोमागे ठेवून दिला. त्या दिवसापासून पेटीला कुलूप नाही.

वाचक भगिनींनो, तुमच्याही घरात अशी पेटी असेल. ती पोरांनी रागाने फेकून देऊ नये आणि सासूने लपवून ठेवू नये. दोघींनी मिळून उघडावी. आत देव निघेल, त्याच्या खाली एखादे गेलेले लेकरू निघेल, एखादी न सांगितलेली मुरळी निघेल. त्यांच्याविषयी बोलावे. भीती तिथूनच सुटू लागते.

जयभीम!